पंधरावं नाव

मी आजवर जे काही लिहिलं ते दुसऱ्या कोणाच्या तरी विरुद्ध लिहिलं. संस्थाचालकांच्या विरुद्ध, फीवाढीच्या विरुद्ध, खाडीत काळं पाणी सोडणाऱ्या कंपन्यांच्या विरुद्ध. लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत कोणाची तरी कॉलर धरायची, ही सवय. आज धरायला माझीच आहे — आणि हात तिकडे जात नाही. चार दिवस झाले, लिहितोय आणि फाडतोय.

कारण हे मी तोंडाने कधी उच्चारलेलंच नाही. आईला सांगितलं नाही. संघटनेतल्या पोरांना नाही — ती मला तत्त्वाचा माणूस म्हणतात. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. एवढंच कारण आहे, त्यात शौर्य काही नाही.

गोष्ट बीएस्सीच्या विषयाची आहे. हसू नका. जीव गेला नाही, डोकी फुटली नाहीत. कोणी कुठला विषय घ्यायचा एवढीच गोष्ट. मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो — एवढीच तर गोष्ट.

आमच्या वेळी पद्धत अशी होती: पहिल्या वर्षाला तीन विषय, दुसऱ्याला दोन, आणि तिसऱ्या वर्षाला एकच. त्या एका विषयावर पदवी. म्हणजे दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की विशीतल्या पोरांनी एका फॉर्मवर दोन ओळी भरायच्या — पहिली पसंती, दुसरी पसंती — आणि त्या दोन ओळींवर पुढचा जन्म काढायचा. विचारायचं कोणाला? बाप मुंबईला, आई शेतात, आणि दोघांच्या लेखी सायन्स म्हणजे सायन्स. त्यात केमिस्ट्री काय आणि बॉटनी काय!

पण पोरांना फरक पक्का माहीत होता. केमिस्ट्री म्हणजे नोकरी. लोट्याला कंपन्या आहेत, कंपनीत लॅब असते, लॅबला केमिस्ट लागतात. बॉटनी म्हणजे — काय, ते कोणालाच नीट सांगता येत नसे. सड्यावर हिंडून फुलं गोळा करायची, जुन्या पेपरांत दाबून सुकवायची, लॅटिन नावं पाठ करायची. मग बीएड. मग वशिला शोधायचा.

२००१ साली आमच्या संस्थेने फळ्यावर एक नोटीस लावली. शेवटच्या वर्षाच्या बॉटनीला किमान पंधरा विद्यार्थी भरले नाहीत तर तो वर्ग चालवला जाणार नाही. झालं. आम्हाला लढायला हेच हवं होतं. मी तेव्हा विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो. ‘बॉटनी बंद म्हणजे कोकणाचं डोकं बंद’ — ही ओळ माझी. आज वाचली तर ओशाळायला होतं. तेव्हा पोरं ती एसटीत ओरडायची. आणि पत्रकाच्या मागच्या बाजूला मी एक यादी दिली होती, ‘बॉटनी करून काय व्हाल?’ सात नोकऱ्या. वनखात्यात अधिकारी. औषधी वनस्पतींच्या कारखान्यात तज्ज्ञ. दापोलीच्या कृषी विद्यापीठात संशोधन सहायक. एकाही ठिकाणी मी विचारलं नव्हतं. छापखान्यात प्रूफं बघणारे काका होते, त्यांचा भाऊ दापोलीला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “अरे, तिथे शेतकीची पदवी लागते. ही तुझी बॉटनीवाली पोरं तिथे काय गेटवर झाडं मोजणार?” मी म्हटलं, “राहू दे हो काका. सातवी ओळ रिकामी दिसते.”

एवढीच कबुली असती तर किती बरं झालं असतं! पत्रकात खोटं लिहिणारा मी पहिला नाही आणि शेवटचाही नाही. पण हे ते नाही. मी वेळ काढतोय.

अलका. नाव लिहिलं एकदाचं.

अलका मंडणगडच्या बाजूच्या एका खेड्यातली. मुलींच्या होस्टेलला राहायची, माझ्याच वर्गात, माझेच दोन विषय — केमिस्ट्री आणि बॉटनी. मला ‘पुढारी’ म्हणायची. “काय पुढारी, आज कोणाचा मुर्दाबाद?” — लॅबमध्ये शिरताना रोज हेच. मी काहीतरी चिडून बोललो की आणखी हसायची. प्रॅक्टिकलला आमची टेबलं शेजारी. तुम्ही कधी टायट्रेशन केलंय? वरच्या नळीतून खालच्या चंबूत थेंब थेंब सोडायचा, आणि पाण्याला पहिली गुलाबी झाक आली की तिथेच थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो, सगळं परत. माझं दर वेळी परत. तिचं कधीच नाही. तिच्या हाताला तो थेंब आधी कळायचा. केमिस्ट्रीच्या मॅडम दुसऱ्या पोरांना बोलावून दाखवायच्या — “हिचा हात बघा.” अलका मान खाली घालून हसायची, आणि मॅडमची पाठ वळली की माझ्याकडे बघून जीभ काढायची.

तिला केमिस्ट्रीच हवी होती. तिचा एक मामा लोट्याला कंपनीत हेल्पर होता. त्याने सांगितलं होतं, बीएस्सी केमिस्ट्री हो, मी साहेबांकडे शब्द टाकतो, लॅबमध्ये मुली घेतात हल्ली. लोट्यापासून गाव फार लांब नाही. म्हणजे नोकरीही आणि आईही. बाप मुंबईला एका गोदामात; दोन वर्षं झाली, सारखा आईला म्हणायचा, पोरीला किती शिकवणार. तिचा सगळा हिशोब त्या एका विषयावर उभा होता. हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी पुढे कुठेही म्हणणार नाही.

आता ती पद्धत सांगतो, कारण माझा गुन्हा त्या पद्धतीतच बसतो. मे महिन्यात लांबच्या तालुक्यांतली पोरं गावी जायची. विषयांच्या याद्या लागायच्या जूनमध्ये, आणि नाव लागलं की तीन दिवसांत ऑफिसात प्रवेशाचा वेगळा फॉर्म देऊन जागा पक्की करायची. नाहीतर ती खालच्या नंबराला जायची. मंडणगडहून रत्नागिरीला, कॉलेजात, यायचं म्हणजे दिवस मोडतो. गावात फोन नाही. मग पोरं काय करायची — जो रत्नागिरीचा असेल त्याच्याकडे सही केलेला कोरा फॉर्म ठेवून जायची. यादी लागली की त्याने बघायची, एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायची, कंडक्टर ती फाट्यावरच्या दुकानात टाकणार, आणि उलट गाडीने उत्तर येणार. कोणी कधी फसलं नव्हतं. कोण फसवणार? का फसवेल? मी रत्नागिरीचा, त्यात पुढारी. माझ्याकडे त्या वर्षी सहा कोरे फॉर्म होते. त्यांतला एक अलकाचा. देताना म्हणाली होती, “केमिस्ट्री लागली नाय तरच बॉटनी हां. तुझं पत्रक वाचून भुलले नाय मी.”

सोमवारी यादी लागली. केमिस्ट्रीत तिचं नाव होतं. चांगलं वरच्या अर्ध्यात. मी बोट ठेवून वाचलं.

आणि बॉटनीला भरले होते चौदा.

गुरुवारी मुदत संपत होती. संघटनेची पोरं माझ्याभोवती जमली. इथे एक गोष्ट सांगायची राहिली — राहिली नाही, मी ठेवली मागे. आंदोलन सुरू झालं त्या दिवशी, सगळ्यांसमोर, मी म्हणालो होतो: “चौदा तुम्ही जमवा. पंधरावा मी.” टाळ्या पडल्या होत्या. बोलताना मला ते खरंच वाटलं होतं का? वाटलं असावं. चौदा जमणार नाहीत असंही वाटलं असावं.

तर पोरं माझ्याकडे बघत होती. आणि माझं नाव त्याच केमिस्ट्रीच्या यादीत होतं, अलकाच्या बरंच खाली. मी त्या नावाकडे बघितलं. बॉटनी घेतली तर पुढे काय — ते मला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. ती सात नोकऱ्यांची यादी मीच बनवली होती.

मी पोरांना म्हटलं, “थांबा. एक नाव येतंय माझ्याकडे.”

दुपारच्या मंडणगड गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली. शब्द अजून पाठ आहेत: ‘अलका, केमिस्ट्रीच्या यादीत तुझं नाव नाही. या वर्षी प्रॅक्टिकलचे मार्क जास्त धरलेत म्हणतात. बॉटनीला जागा आहे पण लगेच पक्की करावी लागेल. तुझी सही आहेच. भरू का?’

प्रॅक्टिकलचं का लिहिलं? साधं ‘नाव नाही’ पुरलं असतं. पण लेखी पेपरांचे मार्क तिच्या हातात होते, ती विचार करेल, ताडून बघेल, अशी भीती वाटली. प्रॅक्टिकलचे आतले मार्क कोणाला कळत नसत. म्हणून मी नेमकं तिथे बोट ठेवलं. पत्रकं लिहून लिहून एवढं शिकलो होतो — खोटं सांगायचं तर जिथे तपासता येत नाही तिथे सांगावं.

मंगळवारी उलट गाडीने उत्तर आलं. वहीचं पान, चार घड्या. ‘नाव नाही तर काय करणार. भर. तुझं लागलं का? लागलं असेल तर पेढे माझ्यासाठी ठेव, सगळे एकटा खाऊ नको.’

मी भरला.

ऑफिसातले हेडक्लार्क जुने, सगळ्या पोरांची नावं तोंडपाठ असलेले. त्यांनी फॉर्म बघितला, यादी बघितली. “अरे, हिचं नाव लागलंय की केमिस्ट्रीला. सोडते?”

इथेही थांबता आलं असतं. “चुकलो, भाऊ, द्या इकडे” — एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “तिलाच नको आहे. कंपन्यांची चाकरी करायची नाही म्हणते.”

ते म्हणाले, “असं? तत्त्वाची दिसते हो पोरगी.” आणि शिक्का मारला.

ऐकलंत ना? माझं तत्त्व मी तिच्या तोंडात घातलं, आणि तिची जागा — तिचीच नेमकी नव्हे, पण त्याच यादीतली एक — स्वतःकडे ठेवली. त्याच खिडकीत, त्याच मिनिटाला, माझा केमिस्ट्रीचा फॉर्म मी तिच्या फॉर्मखालून पुढे सरकवला.

पोरांनी विचारलं, तू पंधरावा होणार होतास ना? त्याचंही उत्तर तयार होतं. “कंपन्यांशी लढायचं तर त्यांचं शास्त्र आतून यायला हवं. कोणीतरी आत जायला नको?” काय वाक्य होतं! पुन्हा टाळ्या पडल्या. मी रडायला हवं होतं; मी मान डोलावली.

यादी अजून फळ्यावर होती. अलका सोमवारी येणार होती. आमच्याकडे पोस्टरं चिकटवायच्या खळीची बादली कायम तयार असायची. शुक्रवारी आम्ही विजयाचं पोस्टर काढलं, ‘बॉटनी वाचली! विद्यार्थी एकजुटीचा विजय!’, आणि ते मी स्वतः चिकटवलं. फळा मोठा होता, जागा भरपूर होती. मी केमिस्ट्रीच्या यादीवर चिकटवलं. कडा नीट दाबल्या. बोटाला खाली टाचण्या लागत होत्या.

ती आली, पोस्टर वाचलं, हसली. “वाचवलीस काय बॉटनी, पुढारी? आता मला पण वाचव.”

वर्षभर ती शेजारच्या इमारतीत आणि मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. मॅडमना वाटलं, पोरीने आपला विषय नाकारला. मानी बाई, त्यांनी विचारलं नाही, फक्त बोलणं बंद केलं. आणि अलकाला वाटलं — एकदा कॅन्टीनच्या पायरीवर मला म्हणाली — “मॅडम बघत पण नाय माझ्याकडे. एवढं वाईट केलं काय रे मी प्रॅक्टिकल? मग हात बघा, हात बघा कशाला सांगायच्या सगळ्यांना? मला बरं वाटावं म्हणून?”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “सोड ना. मार्क काय, कसेही देतात.”

काहीजण तिच्यापेक्षा कमी मार्कांचे केमिस्ट्रीत बसलेत हे तिच्या लक्षात आलं होतं. पण तिने यादीवर शंका घेतली नाही, स्वतःवर घेतली. आम्हा पोरांना आयुष्यभर कोणत्या ना कोणत्या फळ्याने सांगितलेलं असतं की तुमची लायकी किती. एक फळा खोटं बोलला हे कोणाच्या मनात येणार? आणि फळा बोललाच नव्हता. मी बोललो होतो.

ती पास झाली, बरे मार्क मिळाले. मामाने शब्द टाकला; कंपनीने विषय विचारला आणि संपलं. ती गावी परत गेली. बॉटनीचा वर्ग पुढच्या वर्षी पुन्हा पंधराच्या खाली आला आणि बंद झाला. त्यावर मी पत्रक काढलं नाही.

मी? मी केमिस्ट्रीचा पदवीधर झालो. वर्षभर एका लॅबमध्ये काम केलं, मग पूर्णवेळ चळवळीत आलो. खाडीच्या पाण्यावर बोलायला उभा राहतो तेव्हा माझं पहिलं वाक्य असतं, “मी स्वतः रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, मला हे आकडे वाचता येतात.” लोक लगेच गप्प होतात, ऐकतात. त्या एका वाक्यावर माझं सगळं वजन उभं आहे. आणि दर वेळी ते वाक्य संपलं की गर्दीत कुठेतरी मला ती दिसते. ती नसते. कोणीतरी दुसरीच बाई असते, पदर सावरत उभी. तरी पुढचं वाक्य सापडायला मला एक क्षण लागतो. लोकांना वाटतं, बोलण्याची ढब आहे.

गेल्या वर्षी — २००८ च्या जूनमध्ये — ती खरंच आली.

आमची संघटना दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या गेटजवळ टेबल टाकते. हल्ली कॉलेज पहिल्या वर्षाच्या फॉर्मवरच मुख्य विषयाची पसंती विचारतं; तर विषय कोणता घ्यावा, फॉर्म कसा भरावा, हे सांगायला. मी बसलो होतो. समोर सावली पडली आणि आवाज आला, “काय पुढारी, अजून मुर्दाबादच काय?”

अंगाने भरली होती. गळ्यात मंगळसूत्र, हातात कापडी पिशवी. सोबत एक उंच, सडपातळ पोरगी — तिची धाकटी बहीण, ज्योती, बारावी सायन्स झालेली. अलकाने मला तिच्यासमोर उभं केलं. म्हणाली, “हा बघ, हाच तो. हा नसता तर माझं वर्ष फुकट गेलं असतं. यानेच धावपळ करून फॉर्म भरला माझा.”

मी खुर्ची पुढे केली. दुसरं काय करणार?

तिने सगळं सांगितलं, एका दमात, जसं कोणी गावचं माणूस भेटल्यावर सांगतं. नवऱ्याचं गाव जवळच. एका विनाअनुदानित शाळेत सायन्स शिकवते. पगार आज होईल उद्या होईल. “पण केमिस्ट्रीचे धडे मी दुसऱ्या सरांना देते हां. माझा हात त्यात नाय. पोरांसमोर फजिती नको.” हे ती हसत म्हणाली. हसतच. मी तिच्या हातांकडे बघितलं. टेबलावर ठेवले होते, एकावर एक, अगदी स्थिर.

मग बहिणीकडे वळून म्हणाली, “हिला केमिस्ट्रीच पाहिजे म्हणते. मार्क पडलेत म्हणून. मी म्हटलं, मार्क मला पण पडले होते. ऐन वेळी प्रॅक्टिकलला आपटले. आपल्या घरात ती विद्या नाय, बाय. झूलॉजी घे, बॉटनी घे, नायतर डीएड कर.”

मार्कशीट ज्योतीच्या हातात होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. मी ते घेऊन बघितलं. केमिस्ट्रीचे मार्क सगळ्या विषयांत जास्त. प्रॅक्टिकलला तर जवळजवळ पैकीच्या पैकी.

ती मला म्हणाली, “दादा, तुम्ही केमिस्ट्रीवाले ना? तुम्ही सांगा ना ताईला.”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तुझं नाव होतं, अलका. चार शब्द. ऊन होतं, गर्दी होती, शेजारी संघटनेची चार पोरं बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. ‘घरच्यांचं ऐकून विषय निवडू नका’ हे आमच्या टेबलावरच्या कापडी फलकावर मीच रंगवलं होतं.

मी म्हणालो, “ताई अनुभवाने सांगते आहे. ऐक तिचं.”

अलकाने मान डोलावली, समाधानाने. ज्योतीने माझ्याकडे बघितलं — रागाने नाही, अपेक्षा संपल्यावर बघतात तसं. मग फॉर्म पुढे ओढला, आणि पहिल्या पसंतीच्या चौकटीत इंग्रजीत झूलॉजी लिहिलं. स्पेलिंग बरोबर आहे का, एवढं विचारलं.

मी बघितलं. बरोबर होतं.